'ग'ची बाग आणि एक शुद्धिपत्रक

सोसायटीच्या सभेत काकूंनी हात वर केला तेव्हा फायलीकाकांना वाटलं, ही पंखा कमी करायला सांगणार. गेली बारा वर्षं काकूंनी सभेत हात वर केला होता तो फक्त पंख्यासाठी. विषय चालला होता इमारतीच्या पुढच्या पट्टीचा. तीस फूट लांब, चार फूट रुंद अशी ती पट्टी. तिच्यावर रंगाचे रिकामे डबे, एक तीन पायांची खुर्ची आणि कुणाचीच नसलेली एक मांजर एवढा ऐवज होता. सचिवांचं म्हणणं पडलं की तिथे फरशा बसवाव्यात आणि स्कूटरी लावाव्यात. पट्टी होती बरोबर काकांच्या तळमजल्यावरच्या खिडकीखाली. म्हणजे ज्या खिडकीशी बसून काकू भाजी निवडत, तिथे उद्यापासून भाजीला स्कूटरच्या धुराची फोडणी बसणार होती.

"फरशा नकोत," काकू उभ्या राहून म्हणाल्या. "तिथे बाग होईल."

"कोण करणार बाग?" सचिवांनी विचारलं.

"आमचे हे करतील."

काकांनी मागे वळून पाहिलं. आपल्या मागे आणखी कुणी 'हे' बसले आहेत की काय, अशी त्यांना शंका आली. मागे फक्त भिंत होती.

सभेत हसू पिकलं. पिकणारच. फायलीकाका हे नाव सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं, पण थोरांनीही ते कधी खोडून काढलं नव्हतं. चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी करून काका निवृत्त झाले होते. जिवंत गोष्टीशी त्यांचा संबंध आला तो फायलींतल्या वाळवीपुरता, आणि तोही शत्रू म्हणून. घरात तीन वेळा तुळस मेली होती, निवडुंगसुद्धा मेला होता. कोथिंबीर आणायला सांगितली तर पुदिना आणणारा हा माणूस. आणि हे काकूंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण चारचौघांत "हे करतील" असं काकू पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या. घरात त्या म्हणायच्या, "राहू द्या, मी करते."

"चार महिने देऊ," सचिव म्हणाले. "चार महिन्यांनी वार्षिक सभा. तोवर बाग झाली नाही तर फरशा. रीतसर अर्ज करा."

जिना उतरताना काका कुजबुजले, "अगं, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला? मला काय कळतं फुलांतलं?"

"त्यात कळायचंय काय?" काकू म्हणाल्या. "बी मातीत टाकायचं, पाणी घालायचं. आणि हे बघा, मी शब्द दिलाय. तो पडता कामा नये."

खरं म्हणजे काका घाबरले होते तेवढेच सुखावलेही होते. त्या संध्याकाळी त्यांनी आरशात पाहून मिशी कातरली.

*

अर्जाचं काम काकांनी झोकात सुरू केलं. इथे ते राजे होते. अडचण एवढीच की सचिवही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ते एका कॉलेजात हेडक्लार्क होते आणि अजून नोकरीत होते, म्हणजे त्यांच्या हाताला रोजचा सराव होता. पहिला अर्ज परत आला, कारण डाव्या बाजूला समास सोडला नव्हता. दुसरा परत आला, कारण 'झाडे लावणे' म्हणजे नेमकी कोणती, ते लिहिलं नव्हतं. चौतीस वर्षं काकांनी लोकांचे अर्ज ह्याच दोन कारणांनी परत पाठवले होते, त्यामुळे त्यांना राग येण्याऐवजी भरून आलं. तालीम सोडल्यावर कितीतरी वर्षांनी आपल्या तालमीतला गडी भेटावा तसं त्यांना झालं.

आता नेमकी कोणती झाडं, हे शोधायला काका बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणजे कानावर पेन्सिल ठेवलेला, सावकाश बोलणारा माणूस.

"पहिल्यांदाच करताय?" त्याने काकांच्या बुटांकडे पाहून विचारलं. "मग सोपी फुलं घ्या. दुर्लक्ष केलं तरी येणारी." आणि त्याने एक छापील यादी पुढे केली. सोप्या फुलांची. त्यात शंभरावर नावं.

काकांचं डोकं गरगरलं. रंगाने निवडावं तर काकांना निळा आणि जांभळा यांतला फरक कधी कळला नव्हता. उंचीने निवडावं तर फुलं काही समोर येऊन उभी राहणार नव्हती. शेवटी त्यांनी कचेरीची पद्धत काढली. एवढा मोठा गठ्ठा समोर आला की अक्षर धरायचं. एक अक्षर घ्यायचं, त्याखाली जे जे येईल ते पुरं करायचं, मगच दुसऱ्याला हात घालायचा. ही पद्धत चौतीस वर्षांत कधी फसली नव्हती.

'अ' पासून सुरुवात केली तर अबोली आणि अस्टर, दोनच. 'क' ला बरीच होती, पण निम्मी तळ्यात वाढणारी. 'ग' शी मात्र काकांचं बोट थांबलं. गणेशवेल, गुलखैरा, गुलबक्षी, गुलमेंदी, गॅलार्डिया, गोंडा, गोकर्ण. एका हारीने सात.

"ही सातही सोपी आहेत?"

"गाढवाने लावली तरी येतील," दुकानदार म्हणाला. मग गिऱ्हाईक समोर आहे हे ध्यानात येऊन त्याने "म्हणजे कुणीही" अशी दुरुस्ती केली.

काकांनी सात पाकिटं घेतली. घरी येऊन नकाशा काढला. तीस फुटांचे सात वाफे, डावीकडून उजवीकडे, वर्णानुक्रमे. गॅलार्डियाला गुलमेंदीच्या पुढे ठेवायचं की मागे, ह्यावर त्यांनी दोन संध्याकाळी घालवल्या आणि शब्दकोशाची धूळ झटकली.

"उंच झाडं मागे, बुटकी पुढे असं लावतात ना?" काकूंनी भाजी निवडता निवडता विचारलं.

"तशी लावली तर सापडणार कशी?" काका म्हणाले.

आणि मग त्या माणसाने हात दाखवून अवलक्षण केलं. अर्ज पुन्हा परत येऊ नये म्हणून आपण होऊन एक कलम घातलं: 'वार्षिक सभेच्या दिवशी नकाशात दाखवलेल्या जागी, यादीप्रमाणे, सातही जातींची फुले फुललेली असतील. प्रत्येक वाफ्यात एकच जात असेल. सरमिसळ असणार नाही.' शेवटच्या वाक्याखाली लाल शाईने दोन रेघा मारल्या. अर्ज तीन प्रतींत गेला आणि एका दिवसात मंजूर झाला. सचिवांनी नुसती बाग मागितली होती. काकांनी स्वतःच्या गळ्यात फास अडकवून दोरीचं दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी काकू बहिणीकडे गेल्या होत्या. दुपारी काकांनी बागेची फाईल तयार केली. वर लेबल लावलं, आत अर्जाची प्रत, मंजुरी, नकाशा, यादी. राहिली सात पाकिटं. आता कागद असो की पाकीट, फायलीत जायचं म्हणजे त्याला भोकं हवीत. काकांना निरोपाच्या वेळी कचेरीने एक पंच भेट दिला होता. चांगला दणकट, पितळी मुठीचा, एका दमात चाळीस कागद भोसकणारा. काकांनी पाकिटं वर्णानुक्रमे एकावर एक ठेवली, कडा जुळवल्या आणि पंचाची मूठ दाबली. जरा कच्चकन आवाज आला. टॅग ओवला, गाठ मारली, फाईल बंद केली आणि शिस्तीप्रमाणे कपाटाच्या वरच्या फळीवर पाठीवर उभी ठेवली. पाठ खाली. म्हणजे भोकं खाली.

हे वाचून कुणी हसेल, तर त्याने खुशाल हसावं. पण चौतीस वर्षं ज्या हाताने समोर आलेल्या प्रत्येक वस्तूला दोन भोकं पाडली, तो हात पाकिटाच्या पोटात काय आहे ते विचारायला थांबत नाही.

तासाभराने काकांनी नकाशा बघायला म्हणून फाईल उचलली. सर्रर्र असा आवाज झाला आणि फळीवरून, कपाटाच्या काठावरून, काकांच्या बाह्यांतून 'ग' खाली आला. सातही एकदम. काळे, तपकिरी, चपटे, लांबट, केसाळ, मिऱ्यासारखे. काका गुडघ्यांवर बसले. सात पाकिटं हातात होती, टॅगने नीट बांधलेली, वर्णानुक्रमे आणि रिकामी.

दुकानदाराने एका नजरेत बी निवडून दिलं असतं. पण त्यासाठी त्याच्यासमोर जाऊन "मी पाकिटांना पंच मारला" हे वाक्य उच्चारावं लागलं असतं. गाढवाबद्दलचं त्याचं मत काकांना आधीच ठाऊक होतं. नवी पाकिटं मागावीत तरी तोच दुकानदार. काकूंना सांगावं, तर ज्या बाईने पहिल्यांदाच चारचौघांत विश्वास टाकला, तिला पंधरवड्याच्या आत हे सांगायचं?

आणि आणखी एक गोष्ट होती. कचेरीत चूक झाली की शुद्धिपत्रक काढतात. 'अमुक ठिकाणी अमुक चुकले आहे, ते तमुक असे वाचावे', खाली सही. चौतीस वर्षांत काकांच्या सहीचं एकही शुद्धिपत्रक निघालं नव्हतं. निरोपाच्या भाषणात साहेबांनी हे मुद्दाम सांगितलं होतं आणि काकांनी नंतर भेटेल त्याला सांगितलं होतं. काकूंनी तर ते इतक्या वेळा ऐकलं होतं की "शुद्धि" म्हणताच त्या आत चहा टाकायला जात.

म्हणून काकांनी सुपलीने सगळं बी गोळा केलं आणि न्यायाने वागायचं ठरवलं. सात वाट्या मांडल्या आणि चमच्याने समान वाटप केलं, प्रत्येकीत तीन चमचे. संध्याकाळी काकू परत आल्या तेव्हा सात वाफे पेरून झाले होते. प्रत्येकावर पाटी रोवलेली होती आणि काका हात धूत होते, चेहरा मात्र गुन्हेगाराचा.

"इतक्यात झालं पण?" काकू खिडकीतून म्हणाल्या. "काय म्हणते बाग?"

"यादीप्रमाणे," काका म्हणाले.

*

बागेला पाणी लागतं ही गोष्ट अर्जात राहून गेली होती. सामाईक नळ वापरायला वेगळा अर्ज करावा लागला. तो मंजूर झाला दिवसाला दोन बादल्यांपुरता, नोंदवहीत सही करण्याच्या अटीवर. सल्ला मात्र अर्जाशिवाय मिळत होता आणि त्याला बादल्यांची मर्यादा नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनीअर राहत. हयातभर त्यांनी पूल बांधले होते, म्हणून त्यांना सगळे पूलवाले म्हणत. त्यांनी वाफ्यावर पातळी मोजायची लेव्हल ठेवून पाहिली आणि मान हलवली. "पाण्याचा निचरा नाही. पाया बसेल."

"फुलांचा पाया?" काकांनी विचारलं.

"पाया तो पाया." आणि त्यांनी पट्टीच्या कडेने असा उतार काढून दिला की दोन्ही बादल्यांचं पाणी वाफ्यांना शेकहँड करून थेट गटारात गेलं. मग तो चर बुजवायला काकांचे तीन दिवस गेले.

पंधरा दिवसांनी अंकुर आले. काका रोज सकाळी ओणवे होऊन पाहत. पाटी 'गुलबक्षी'ची आणि खाली सहा तऱ्हांची पानं. पाटी 'गोंडा'ची, खाली पुन्हा तीच सहा तऱ्हांची, शिवाय सातवी.

"सातही वाफ्यांत सगळं सारखंच दिसतंय हो," पूलवाले म्हणाले.

"लहानपणी सगळी सारखीच दिसतात," काका म्हणाले.

मग आल्या समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. कुठल्याही गोष्टीकडे त्या तोंड उघडून बसलेला पेशंट असल्यासारख्या बघत. "दाटी फार झालीय," त्या म्हणाल्या. "दाटी झाली की सगळीच वाकडी येतात. मधली मधली काढून टाका. थांबा, मीच काढते, दुखणार नाही." आणि त्यांनी पदर खोचला. काका दोन्ही हात पसरून वाफ्यापुढे उभे राहिले. कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं हे त्यांना ठाऊक असतं तर त्यांनीच नसतं का काढलं? डॉक्टरीणबाईंनी तरी दोन उपटलीच. "अक्कलदाढा," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

बघता बघता झाडांनी काकांच्या वर्णानुक्रमाला केराची टोपली दाखवली. गुलखैरा हे झाड माणसाच्या उंचीचं होतं ही माहिती काकांना गुलखैऱ्याकडूनच कळली, आणि ती सात ठिकाणी कळली. त्याच्या सावलीत गुलमेंदी बावरून उभी राहिली. गुलबक्षीने सगळ्यांना कोपरांनी ढकलून ऐसपैस बैठक मारली. मांजर तिच्याखाली झोपू लागली. काका रोज संध्याकाळी पाट्या सरळ करत आणि खिडकीतून रोज प्रश्न येई, "काय म्हणते बाग?"

"यादीप्रमाणे."

"वा," काकू म्हणत आणि पुन्हा शेंगा सोलू लागत. त्या 'वा'ने काकांचं जेवण कडू होई. पट्टीवर फरशा बसल्या तर त्यांना त्याचं काही नव्हतं. पण पुढच्या सभेत काकू पंख्यासाठी हात वर करतील तेव्हा लोक हसतील, ह्याचं होतं.

उरले वेल. गणेशवेल आणि गोकर्ण हे दोन्ही वेल आणि वेलाला चढायला आधार लागतो, हेही नकाशात नव्हतं. सचिव आपली स्कूटर मुद्दाम पट्टीला खेटून लावत. हक्क सांगण्याची ती त्यांची पद्धत होती. एकदा ते दहा दिवसांसाठी लेकीकडे गेले. परत आले तेव्हा स्कूटरने हिरवं अंग धरलं होतं. हँडलला गोकर्ण, ब्रेकला गणेशवेल, आणि आरशावर एक बारीक लाल फूल सचिवांकडे टुकूटुकू बघत होतं.

"काका, हे काय?"

"गणेशवेल. यादीत क्रमांक एक."

"काढा हे ताबडतोब."

"काढलं तर यादीत एक कमी पडेल. मंजूर अर्जात बदल करायचा तर तुमचं लेखी पत्र हवं, तीन प्रतींत."

सचिव आठ दिवस बसने कॉलेजात गेले. नवव्या दिवशी त्यांनी स्वतः खाली बसून एकेक तंतू बोटांनी सोडवला आणि शेजारच्या गुलखैऱ्याला गुंडाळून दिला. आरशावरचं फूल मात्र नजरचुकीने राहिलं आणि तसंच कॉलेजपर्यंत गेलं. कॉलेजातल्या मुलींनी त्याचं कौतुक केलं म्हणे. सचिवांनी हे कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आरसा पुसला नाही.

*

सभा जवळ आली तशी काकांची झोप उडाली. शेवटी लाज गिळून ते दुकानदाराकडे गेले, पण विचारलं भलतंच. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड, दुसरं काय.

"ही सातही फुलं एकाच वेळी उघडी कधी असतात?"

"सकाळी लवकर या," दुकानदार म्हणाला. "गुलबक्षी संध्याकाळी उमलते ती सकाळी मिटते. गणेशवेल सकाळी उघडतो. सात-साडेसातला दोघं एकमेकांना भेटतात." मग पेन्सिल कानावरून काढून त्याने विचारलं, "पण सात पाकिटं वेगळी ना? मग एकदम कशाला बघायची? एकेक बघा."

काका तसेच घरी परतले.

रविवारी सकाळी सात वाजता वार्षिक सभा पट्टीसमोर उभी राहिली. रविवारी सातला उठवल्याबद्दल सगळे काकांवर चिडलेले होते. हातात चहाचे कप, अंगावर काल रात्रीचेच कपडे. अध्यक्षांसाठी तीच तीन पायांची खुर्ची भिंतीला टेकवून मांडली होती आणि ते तिच्यात सवयीप्रमाणे पेंगत होते.

पण समोर पाहिलं आणि लोक हळूहळू पुढे सरकले. गुलखैऱ्याच्या काठ्या तळापासून शेंड्यापर्यंत गुलाबी फुलल्या होत्या. त्यांच्यावरून निळा गोकर्ण आणि लाल गणेशवेल हातात हात घालून चढले होते. मधे गॅलार्डियाची पिवळी-तांबडी चक्रं, खाली गुलमेंदी, अजून न मिटलेली गुलबक्षी, आणि ह्या सगळ्या गर्दीतून कुठूनही मुंडकं वर काढणारा गोंडा. पट्टीवर बोट ठेवायला जागा नव्हती. पूलवाल्यांच्या हातातली लेव्हल तशीच राहिली.

"छान आहे," सचिव म्हणाले. त्यांना ते म्हणावं लागलं. मग त्यांनी कागद काढला. "पण आपण नियमाने जाऊ. वाफा क्रमांक एक, गणेशवेल. आहे?"

"आहे," काका म्हणाले.

"गुलखैरापण आहे. गोंडापण आहे."

"गणेशवेल आहे ना?"

"काका, हे तुमचंच अक्षर." सचिवांनी कागद पुढे धरला. "'प्रत्येक वाफ्यात एकच जात असेल. सरमिसळ असणार नाही.' खाली दोन रेघा, लाल."

काकांनी आपल्याच रेघांकडे पाहिलं. अगदी सरळ होत्या. पट्टी धरून मारलेल्या.

"इथे सगळी सरमिसळ आहे," सचिव म्हणाले. ते दुष्टपणाने बोलत नव्हते. काकांच्या जागी ते असते आणि त्यांच्या जागी काका असते, तर काकाही हेच म्हणाले असते. "अट मोडली. मला फरशांचा ठराव वाचावा लागेल. हे झालं कसं पण?"

काका एक पाटी सरळ करू लागले. मागे खिडकीत काकू उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला.

"पंखा नाही इथे," पूलवाले म्हणाले. दोघंतिघं हसले.

"माझ्यामुळे झालं," काकू म्हणाल्या. "ह्यांनी पाकिटं नीट लावून ठेवली होती. मी कपाट पुसायला गेले आणि माझ्या हातून सगळी सांडली. भीतीने बोलले नाही. ह्यांची काही चूक नाही. चौतीस वर्षांत ह्यांच्या हातून कधी..."

पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ होतं. पण काकांना ते पुरं ऐकवलं नाही.

"थांब," ते म्हणाले.

ते खिडकीशी गेले आणि काकूंकडे बघत राहिले. ही बाई त्या दिवशी घरात नव्हती. आपण सांगितलं नव्हतं. आणि आज स्वतः दिलेला शब्द पडू नये म्हणून नव्हे, नवऱ्याचा तोरा शाबूत राहावा म्हणून ती चारचौघांत खोटं बोलत होती.

"अगं, तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?" काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसा. राहू द्या, मी करते."

"नाही," काका म्हणाले. "मी करतो."

मग वळून, कचेरीत साहेबांसमोर उभे राहत तसे ताठ उभे राहून, ते सगळ्या सभेला म्हणाले, "पाकिटं हिने सांडली नाहीत. मी फाईल केली. पाकिटांना मी पंच मारला."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग डॉक्टरीणबाईंना कळलं. मग पूलवाल्यांना. मग हसण्याचा असा गडगडाट झाला की मांजर गुलबक्षीतून उडाली आणि अध्यक्ष जागे होऊन "सर्वानुमते मंजूर" म्हणाले. चहा सांडला. पूलवाले कठड्याला धरून बसले. हसले नाहीत ते फक्त सचिव. त्यांनीही आयुष्यभर पंच हाताळला होता. त्यांना ती चूक आतून कळली.

काका हसणं ओसरेपर्यंत थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण ते पळाले नाहीत. मग त्यांनी काकूंना आतून कागद, पेन आणि दोन कार्बन मागितले. खिडकीच्या चौकटीवर कागद ठेवून, डावीकडे समास सोडून, ते लिहू लागले. आयुष्यातलं पहिलंच, म्हणून वेळ लागला. लिहून झाल्यावर त्यांनी तो कागद सचिवांच्या हातात दिला. सचिवांनी तो मोठ्याने वाचला:

"शुद्धिपत्रक क्रमांक एक. अर्जासोबतच्या नकाशात फुलांच्या जागा चुकीच्या दाखवल्या गेल्या आहेत. फुले बरोबर आहेत. नकाशा चुकला आहे. 'सरमिसळ असणार नाही' ऐवजी 'सरमिसळ आहे' असे वाचावे. चूक अर्जदाराची आहे, त्याच्या पत्नीची नाही. तिने दिलेला शब्द कायम समजावा. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी."

कुणी हसलं नाही. सचिवांनी कागद उलटसुलट पाहिला.

"तीन प्रती?"

"तीन."

"समास बरोबर आहे," सचिव म्हणाले. त्यांनी खिशातून सोसायटीचा शिक्का काढला, फुंकर मारली आणि स्कूटरच्या सीटवर ठेवून तिन्ही प्रतींवर उठवला. मग फरशांचा ठराव चार घड्या करून खिशात घातला. "अट दुरुस्त झाली. बाग अटीप्रमाणे आहे. स्कूटरी मागच्या बाजूला लावू. माझी मात्र इथेच राहील."

"का?" पूलवाल्यांनी विचारलं.

"वेलाला आधार लागतो," सचिव म्हणाले आणि चहा संपवला.

*

घरी आल्यावर काकांनी शुद्धिपत्रकाची आपली प्रत टेबलावर ठेवली आणि पंच पुढे ओढला. मूठ दाबायच्या आधी पहिल्यांदाच थांबले, कागद उचलून खाली काही आहे का ते पाहिलं.

काकूंनी कपाट उघडलं आणि मागून एक काडेपेटी काढून त्यांच्यासमोर ठेवली. काकांनी ती उघडली. आत पंचातून पडलेल्या कागदाच्या गोल टिकल्या होत्या. त्यांच्यावर पाकिटावरच्या चित्रांचे तुकडे, एकीवर गुलाबी, एकीवर निळा. आणि मधे एक काळं बी, बरोबर मधोमध कापलेलं.

"त्याच रात्री टेबल पुसताना पंचाचं झाकण निघालं," काकू म्हणाल्या. "तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस? चार महिने रोज विचारत होतीस, काय म्हणते बाग."

"म्हटलं, कधीतरी सांगाल." काकूंनी शेंगांची टोपली मांडीवर ओढली. "लावा हे फायलीला."

काकांनी शुद्धिपत्रकाला दोन भोकं पाडली, टॅगमध्ये ओवलं, फाईल बंद करून जागेवर उभी केली. काडेपेटी त्यांनी हातात धरली, उघडली, मिटली. मग ती सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली. चौतीस वर्षांत हातात आलेला आणि फायलीला न लावलेला तो त्यांचा पहिला कागद.

बाहेर डॉक्टरीणबाई अक्कलदाढा शोधत होत्या. काका खिडकीशी खुर्ची ओढून काकूंसमोर बसले आणि शेंगा सोलू लागले. दाणे टोपलीत आणि टरफलं ताटात टाकायची की उलट, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.